सालोमा आजीची वरात

डोरीन टकेटची व्हॅन फाटकात शिरली की आमिश बायका भिंतीवरची घड्याळं लावून घेतात, असं वेन्डेल चेष्टेने म्हणायचा. डोरीनला ती चेष्टा वाटतच नसे. उमेदीची सगळी वर्षं तिने शाळेची बस चालवली होती. बर्फ असो, चिखल असो, एकाही पोराची पहिली घंटा तिने चुकू दिली नव्हती. निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसवेना, म्हणून तिने एक जुनी मोठी व्हॅन घेतली आणि आमिश लोकांना, म्हणजे अमेरिकेतल्या त्या जुन्या चालीच्या ख्रिस्ती शेतकऱ्यांना, इकडून तिकडे न्यायला लागली. ते लोक स्वतः मोटार ठेवत नाहीत, हाकत नाहीत, पण दुसऱ्याच्या मोटारीत बसायला त्यांच्या चर्चची ना नाही. दवाखाना लांब असतो, पाहुणे त्याहून लांब असतात, आणि घोडाही शेवटी दमतो. अशी वेळ आली की ते रस्त्याकडेच्या सामाईक फोनच्या खोपटात जाऊन डोरीनला फोन करत, कारण ती येते म्हणाली म्हणजे आलीच.

वेन्डेल तिच्याच धंद्यातला. त्याची व्हॅन नवी कोरी, सीट गुबगुबीत आणि प्रत्येक सीटला फोन चार्ज करायची सोय. ज्यांच्याकडे फोनच नाहीत त्यांना ही सोय कशाला, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. डोरीनच्या व्हॅनला तो 'खटारा' म्हणायचा. डोरीन म्हणायची, "खटारा असेल, पण वेळेवर येतो. तुझी नवरी अजून नटतेच आहे."

तर असा तिच्या नाकावर माशी बसू न देण्याचा स्वभाव. आमिश लोक गर्वाला सगळ्यात मोठं पाप समजतात, आणि त्यांच्यात इतकी वर्षं वावरूनही डोरीनला त्यातलं काही लागलं नव्हतं.

त्या गुरुवारी सालोमा आजीच्या नातीचं, वेल्माचं लग्न होतं. नोव्हेंबरात मका घरात आला की आमिशांची लग्नं सुरू होतात आणि एकेका लग्नाला तीनतीनशे माणूस जमतं. डोरीनच्या डोक्यात सगळा दिवस पक्का बसलेला होता. सकाळी सालोमा आजी आणि तिचा मुलगा ॲटली यांना लग्नघरी पोचवायचं. लगेच मागे फिरून गावातून बर्फ आणायचा. मग नवऱ्यामुलाच्या आत्या बसने येणार होत्या, त्यांना उतरवून घ्यायचं, आणि दुपारी वाढपिणींची दुसरी तुकडी. श्वास घ्यायलाही तिने त्यात जागा ठेवली नव्हती.

पण खरी खेप ती पहिलीच. वेल्माची आई ती पाळण्यात असतानाच गेली. बापाने दुसरं लग्न करीपर्यंत पोर सालोमा आजीच्या कडेवर वाढली. आता ती लग्न करून मोंटानाला चालली होती, दोन हजार मैलांवर. आजी अठ्ठ्याऐंशी वर्षांची. उन्हाळ्यात अंगणात पडून तिचं कमरेचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, आता खाटेवरच. आजीने त्यांचं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून रोज ओसरीत कठडा धरून बसायचा सराव सुरू केला. आधी थोडा वेळ, मग घटकाभर, मग अर्धी सकाळ. कशासाठी, ते घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. वेल्मा 'हो' म्हणेल तेव्हा तिला समोर बसायचं होतं. पुन्हा ही पोर दिसेल न दिसेल.

बग्गीतून इतका लांबचा रस्ता त्या कमरेला सोसणारा नव्हता. म्हणून डोरीन.

सकाळी डोरीन ॲटलीच्या शेतावर पोचली तेव्हा घरात दोघंच होते. ॲटलीची बायको आदल्या दिवशीच लग्नघरी स्वयंपाकाला गेली होती. डोरीनने आजीला काळी शाल गुंडाळली, टोपीची नाडी बांधली, तिच्याबरोबर कपभर कॉफी घेतली.

"पोरी, उशीर नाही ना होणार?" आजीने विचारलं.

"आजी, कुणाला विचारताय?"

"तुलाच विचारतेय. दुसरं कोण आहे इथे?"

तेवढ्यात ॲटली हात पुसत आत आला. ॲटली त्यांच्यातला प्रवचनकार. भाचीच्या लग्नात मुख्य प्रवचन त्याचंच होतं. उंच, हाडकुळा, पांढऱ्या दाढीचा, बोलायला कंजूष माणूस. त्याच्या चेहऱ्यावर कसलंसं समाधान होतं. प्रवचनाची उजळणी झाली असेल, असं डोरीनला वाटलं.

दोघांनी आजीला उचलून पुढच्या सीटवर बसवलं, चाकांची खुर्ची घडी करून मागे टाकली आणि गाडी निघाली. रस्त्याला लागल्यावर डोरीनचं लक्ष काट्याकडे गेलं. टाकी भरलेली. तिला तर अर्धीच आठवत होती. मग तिला वाटलं, काल झोपेच्या तंद्रीत आपणच भरून आलो असणार. वा, डोरीन, तुझ्यासारखी तूच. स्वतःच्या पाठीवर शाबासकी देण्याच्या नादात ती पुढचा विचार करायला विसरली. तिथेच चुकलं.

निम्म्याहून जास्त रस्ता झाला आणि गाडी खोकायला लागली. आधी एक आचका, मग दोन. चढावर तिने जोर दिला तर मागून पांढऱ्या धुराचा लोट निघाला. टेकडीच्या माथ्याशी पोचण्याआधीच इंजिनाने एकदा अंग झटकलं आणि गप्प झालं. डोरीनने गाडी कडेला घेतली. किल्ली फिरवली, पुन्हा फिरवली. आतून नुसतं गुरगुरणं.

आजूबाजूला मक्याची शेतं आणि शांतता. लग्नघर अजून अडीच मैल पुढे.

तिने फोन काढला. दरीत फोन लागेना, तेव्हा ती माथ्यापर्यंत चढून गेली. गाडी ओढून नेणारा माणूस म्हणाला, दुपारनंतर बघू. बाकीचे ड्रायव्हर लग्नसराईत बांधलेले. राहिला वेन्डेल. त्याला फोन करण्यापेक्षा तिला जिभेला चटका चालला असता, पण आजीचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि तिने केला. फोन वाजत राहिला. वेन्डेल लग्नात बसला होता आणि फोन त्याच्या गुबगुबीत सीटवर एकटाच वाजत होता. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा.

खाली येऊन तिने टाकीचं झाकण काढलं आणि वास घेतला. मग पुन्हा घेतला. शाळेच्या बसजवळ जन्म गेलेल्या बाईला तो वास सांगावा लागत नाही.

"ॲटली," ती म्हणाली, "सकाळी तुम्ही बाहेर काय करत होता?"

ॲटली अवघडला. "काही नाही."

"टाकीत काय ओतलंत?"

तो बुटांकडे बघत म्हणाला, "सांगायचं नव्हतं. तुम्ही दरवेळी पहाटे येता, माझ्या दाताच्या वेळी तर बर्फातून आलात. वाटलं, आपणही काही करावं. गोठ्यामागच्या पिंपातून चार डबे ओतले."

"दूध गार ठेवायचं इंजिन ज्यावर चालतं, ते पिंप?"

"हो. दुधाच्या ट्रकवाल्यालाही एकदा त्यातूनच दिलं होतं. तो खूश झाला."

"तो ट्रक डिझेलचा! ही पेट्रोलची गाडी आहे, ॲटली! तुमच्या घोड्याला मी मटण घातलं तर चालेल का?"

"मला वाटलं, मोठी गाडी आहे, तिलाही तेच लागत असेल."

"मग विचारायचं! निदान सांगायचं तरी! मी किल्लीला हात लावला नसता."

"सांगितलं असतं तर ते मिरवणं झालं असतं," ॲटली हळूच म्हणाला.

डोरीनने आकाशाकडे बघितलं. चांगलं केलं तर बोलू नये, केलेलं झाकावं, नाहीतर गर्व होतो. असले उपकार करणाऱ्यापुढे हात जोडावेत आणि म्हणावं, भीक नको पण कुत्रा आवर. ती आणखीही बरंच बोलली. शाळेच्या बसमध्ये मागच्या बाकावर मारामारी झाली की ती जशी बोलायची, तशी बोलली. ॲटली प्रवचनकार माणूस, पण अशा वेळी काय बोलावं हे कुणी त्याला शिकवलं नव्हतं.

तेवढ्यात गाडीची काच खाली झाली. "भांडण झालं असेल तर कुणीतरी मला सांगा," आजी म्हणाली, "मी वेल्माला बघणार आहे की नाही?"

डोरीनने घड्याळ बघितलं. नवरा-नवरीला उभं करतात ते दुपारच्या जेवणाआधी, मुख्य प्रवचन संपलं की. ॲटली आला नाही तर दुसरा कुणी प्रवचन करील, पण वेळ कुणासाठी थांबणार नाही. आजी ओसरीत कठडा धरून बसली होती ते यासाठी नाही, असं डोरीनच्या मनात आलं आणि तिचा राग एकदम दुसरीकडे वळला. आता ही गाडी पोचलीच पाहिजे. कशीही.

खालच्या शेतात एक माणूस मक्याची कणसं हाताने खुडून गाडीत टाकत होता. गाडीला पिवळसर रंगाचे दोन दांडगे घोडे.

"तो कोण?" डोरीनने विचारलं.

ॲटलीचा चेहरा उतरला. "मोझ. त्यांच्या लोकांतला."

'त्यांचे लोक' म्हणजे काय ते डोरीनला ठाऊक होतं. मोझचं चर्चही आमिशांचंच, पण फार कडक. त्यांच्या बग्गीला दिवे नाहीत, चाकांना रबर नाही, आणि जीव जात असल्याशिवाय मोटारीत बसणं नाही. आजोबांच्या काळात एका चर्चची दोन झाली, तेव्हापासून हे त्यांच्या घरी जेवत नाहीत आणि ते यांच्या प्रवचनाला येत नाहीत. ॲटली तर एकदा भर सभेत म्हणाला होता की रबराच्या चाकाने कुणी नरकात जात नाही. ते बोलणं शेजारच्या दरीत पोचायला अर्धा दिवसही लागला नव्हता.

"जा," डोरीन म्हणाली.

"तो ऐकणार नाही."

"डिझेल ओतताना पाय नव्हते ना अडखळले? जा."

ॲटली गेला. कुंपणाशी उभा राहून तो टोपी हातात घेऊन बोलत होता, हे डोरीनला लांबून दिसलं. मोझ कणसं खुडतच राहिला. मग थांबला, हात झटकले आणि वर आला. बुटका, रुंद, दाढीत मक्याचे केस अडकलेले. त्याने व्हॅनभोवती एक फेरी मारली.

"रबराची चाकं," तो म्हणाला. "चारही."

मोझने बुटाने एक चाक ठोकलं.

"लग्नाला मोटारीने निघालात आणि आता माझे घोडे हवेत."

"हवेत," ॲटली म्हणाला. "मागतोय मी."

"म्हातारीला माझ्या गाडीतून नेतो की."

"लोखंडी चाकं आहेत तुझ्या गाडीची," ॲटली म्हणाला. "पहिल्या खड्ड्यात तिची कंबर पुन्हा जाईल. आणि तुझी बग्गी?"

"बायको घेऊन गेलीय बहिणीकडे." मोझने दाढी खाजवली. "पण मोटार ओढायला घोडे जुंपायचे, हे आमच्या बिशपला काय सांगू?"

आजीने काचेतून डोकं बाहेर काढलं. "मोझ, इकडे ये. तू हॅटीचा धाकटा ना? जन्मलास तेव्हा पायाळू होतास. तुझ्या आईचा हात धरून रात्रभर मी बसले होते. तेव्हा कुणी कुणाचं चर्च विचारलं नव्हतं."

मोझने टोपी काढली. "आईने सांगितलंय."

"मग ऐक. या गाडीचं इंजिन मेलंय. माझ्या मुलाने मारलंय. मेलेल्याला खांदा देणं तुमच्याकडे पाप आहे का?"

मोझ आधी हसू दाबत होता, मग ते त्याच्या दाढीतून सांडलं. "पूर्ण मेलंय?" त्याने डोरीनला विचारलं.

"देवाशपथ."

"मग ही मोटार नव्हे. चार चाकांचा डबा आहे," मोझ म्हणाला आणि घोडे आणायला गेला.

साखळी व्हॅनच्या पुढच्या हुकाला बांधली. बेस आणि चार्ली अशी घोड्यांची नावं. प्रत्येकाची छाती दरवाजाएवढी. मोझ लगाम धरून बाजूने चालणार, ॲटली मागून ढकलणार आणि डोरीन आत चाक धरून बसणार. घोड्यांनी एकदा मान खाली घातली, खूर रोवले आणि व्हॅन निघाली. इतक्या गुपचूप की डोरीनला क्षणभर कळलंच नाही.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तिच्या व्हॅनला घोडे! मागून एक मोटार आली, हळू झाली. आतल्या पर्यटक बाईने फोन पुढे धरून फोटो काढले. आमिशांना स्वतःचा फोटो काढलेला चालत नाही; आजीने टोपी पुढे ओढली. डोरीनला टोपी नव्हती, तिला काही ओढता आलं नाही.

मग माथा आला आणि पलीकडचा उतार दिसला.

चढावर काही प्रश्न नव्हता. उतारावर एवढं वजन घोड्यांच्या अंगावर जाणार. साखळी काही दांडा नव्हे, ती गाडीला रोखत नाही. मोझने घोडे थांबवले आणि मागे वळून बघितलं. "बाई, इथून पुढे सगळं तुमच्यावर."

"माहीत आहे," डोरीन म्हणाली.

इंजिन बंद असलं की ब्रेक दगड होतो. दाबला तर दबत नाही, आणि दबला की टिकत नाही. स्टिअरिंगही तसंच आडमुठं. डोरीनने दोन्ही पाय ब्रेकवर ठेवले, पाठ सीटला रेटली आणि हाताच्या ब्रेकचा दांडा मुठीत धरला. "आजी, दरवाजाचं हँडल धरा."

"धरलंय केव्हाच."

उतार सुरू झाला. तिची नजर साखळीवर होती. साखळी सैल पडली की गाडी घोड्यांच्या टाचांवर जाणार. फार ताणली की घोड्यांना ती मागे खेचणार आणि ते बिथरणार. साखळी नुसती सरळ राहायला हवी होती, दोरीवर कपडे वाळत घालताना असते तेवढी. तिने पायांनी सोडलं, दाबलं, पुन्हा सोडलं. मांड्या थरथरायला लागल्या. घाम मानेवरून खाली उतरला. वळणावर चार्लीचा पाय सुक्या पानांवरून घसरला. मोझ ओरडला. डोरीन अक्षरशः ब्रेकवर उभी राहिली, डोकं छताला आपटलं, आणि गाडी घोड्यांच्या शेपट्यांपासून हातभर अंतरावर थांबली. चार्लीने पाय सावरला, फुरफुरला. पुन्हा चाल सुरू.

असा तो उतार. खाली ओढ्यावरच्या पुलाशी रस्ता सपाट झाला तेव्हा डोरीनला पायांची जाणीवच उरली नव्हती. पण घोड्यांच्या अंगावर ओरखडाही नव्हता. मोझने वळून एकदा बघितलं आणि पुन्हा पुढे चालू लागला.

लग्नघराच्या फाटकात घोडे शिरले तेव्हा अंगणात शंभरेक बग्ग्या उभ्या होत्या आणि घोड्यांची चाकरी करणारी पुरुषमंडळी गोठ्याच्या दाराशी घोळका करून होती. सगळ्यांच्या माना वळल्या. वेन्डेलही नेमका तेव्हाच बाहेर आला होता. त्याने डोळे चोळले.

"अगं डोरीन!" तो ओरडला. "मी म्हणत नव्हतो खटारा आहे? शेवटी घोडेच जुंपलेस!"

पुरुष हसले. वाईट मनाने नव्हे, पण हसले. ॲटली मागून धापा टाकत पुढे आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. डिझेल यांनी ओतलं, हे वाक्य डोरीनच्या जिभेवर तयार होतं. एका वाक्यात तिचं नाव धुऊन निघालं असतं. हा माणूस आता आत जाऊन तीनशे लोकांपुढे उभा राहणार, त्याची आई गाडीत, भाची आत नवरी होऊन बसलेली. आणि मोझच्या देखत, ज्याच्या लोकांना हाच माणूस भर सभेत टोमणे मारून आला होता. डोरीनने ते वाक्य गिळलं.

"जुनी झाली गाडी," ती म्हणाली. "तपासायला हवी होती. माझंच चुकलं. बघताय काय, खुर्ची काढा!"

लग्न होतं सुतारकामाच्या मोठ्या कारखान्यात. यंत्रं बाहेर काढून बाकं मांडली होती. आतून प्रवचनाचा आवाज थांबल्याचं सगळ्यांच्या लक्षात आलं. मोझ फाटकाशीच थांबला. आत येणं त्याच्या चर्चला चालणारं नव्हतं. ॲटलीने एका बाजूने आणि डोरीनने दुसऱ्या बाजूने आजीची खुर्ची उंबऱ्यावरून उचलली.

बिशप उभा होता आणि वेल्मा आणि तिचा नवरा नुकतेच उभे राहिले होते. नवरीने अशा वेळी इकडेतिकडे बघायचं नसतं. पुढच्या रांगेत आजीसाठी मोकळी ठेवलेली जागा ती सकाळपासून बघत होती, हे नंतर सगळ्यांनी सांगितलं. दार वाजलं आणि वेल्माने वळून बघितलंच. मग तिचा चेहरा असा काही झाला की पुढच्या रांगेतल्या बायकांनी रुमाल काढले. बिशपने घसा साफ केला आणि खुर्ची जागेवर लागेपर्यंत जमिनीकडे बघत थांबला. त्यांच्याकडे कुणी कुणासाठी थांबत नाही. तो थांबला.

डोरीन मागच्या बाकाकडे निघाली होती, बाहेरच्या पाहुण्यांच्या. आजीने तिचं मनगट सोडलं नाही. शेवटी बायका सरकल्या आणि डोरीन आजीच्या शेजारी पहिल्याच रांगेत बसली. पँट घातलेली, घामाने भिजलेली एकटीच बाई.

वेल्माने 'हो' म्हटलं ते आजीकडे बघून. नवऱ्याकडे नंतर बघितलं. आजीने हुंकार भरला, घरात काम नीट झालं की भरतात तसा.

लग्न लागल्यावर बाकीचे प्रवचनकार एकेक करून दोन शब्द बोलतात. ॲटलीची पाळी आली. त्यांची प्रवचनं त्यांच्या जर्मन बोलीत होतात, डोरीनला त्यातलं अर्धमुर्धं कळायचं. तो बोलीतच सुरू झाला, मग अडखळला. आणि एकाएकी इंग्रजीत बोलू लागला. सभेत खसफस झाली. लग्नाच्या प्रवचनात इंग्रजी कुणी ऐकलं नव्हतं.

"आज सकाळी मी एक चांगलं काम केलं," ॲटली म्हणाला. "कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गर्व झाला असता, असं मला वाटलं. मी डोरीनच्या गाडीत डिझेल ओतलं. ती गाडी डिझेलची नव्हे."

मागच्या बाकांवर कुणीतरी खोकल्यासारखं केलं. ते खोकणं नव्हतं.

"गाडी मी मारली. आमची आई पोचली ती मोझच्या घोड्यांमुळे. मी त्याच्या लोकांबद्दल बोलू नये ते बोललो होतो, तरी तो आला. आणि टेकडीवरून खाली ती पोचली डोरीनमुळे. इंजिन नसलेली गाडी तिने दोन पायांवर तोलली. मी मागून सगळं बघत होतो. मग अंगणात ती म्हणाली की गाडी जुनी झाली, चूक तिची. बाहेर होते त्यांनी ते ऐकलं. ते खरं नव्हतं. आपलं केलेलं झाकण्यातही गर्व असतो, हे मला आज कळलं. तिची गाडी कधीच उशिरा आली नाही. आजही नाही. एवढंच."

तो खाली बसला. पुरुषांच्या बाजूला वेन्डेल होता. त्याने मान खाली घातली नाही. सरळ डोरीनकडे बघितलं आणि टोपीला हात लावावा तसा कपाळाला लावला.

बिशप म्हणाला, "प्रार्थना करू या."

सगळी सभा एकदम उठली, वळली आणि बाकांकडे तोंड करून गुडघ्यांवर बसली. म्हातारे, बायका, मांडीवरची पोरं, नवरा आणि नवरी, तीनशे माणसं. बिशप प्रार्थना वाचू लागला. डोरीननेही गुडघे टेकायला बघितलं. ते वाकेनात. त्या उताराने त्यांतला जीव पार काढून घेतला होता. तिने बाक धरून एकदा प्रयत्न केला, दुसऱ्यांदा केला आणि सोडून दिला.

मग ती नुसती बसली. एवढ्या वाकलेल्या पाठींमध्ये तिची एकटीची पाठ उभी. एरवी तिला लाज वाटली असती. आता नाही वाटली. तिला वाटलं, आजच्यासारखा दिवस आपल्या आयुष्यात पुन्हा येणार नाही, आणि आपण तो पोचवला. छाती भरून आली तेवढी तिने भरू दिली.

शेजारी सालोमा आजीही बसलेलीच होती. तिच्या कमरेला गुडघे टेकणं कुठलं जमायला. तिने तिरक्या नजरेने डोरीनकडे बघितलं, तिची ताठ पाठ बघितली. मग खुर्चीच्या हातांवर जोर देऊन, ओठ आवळून, आजीनेही आपली पाठ हळूहळू सरळ केली.